एक तार, एक गळा आणि साठ मिनिटांची कॅसेट

जयंतीची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली की घरातल्या फळीवरची भांडी आपोआप वाजू लागतात. यंदाही वाजली. ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीपुढे पोरे नाचत होती. त्यांच्या आनंदाला माझी ना नाही, मीही त्या वयात हलगीपुढे नाचलो आहे. परंतु गाणे कुठले चालले आहे हे ओळखायला मला बराच वेळ लागला. चाल ओळखीची वाटत होती, शब्द वामनदादांचे असावेत असाही अंदाज होता, पण शब्द ऐकू येईल तर शपथ! आवाज छातीत शिरत होता, कानात काही येत नव्हते.

पुढे रविवारी दुपारी थोरली मुलगी खाटेवर पडून कानात बोंडे घालून काहीतरी ऐकत होती. ती कोल्हापुरात कॉलेजला जाते. म्हटले, काय ऐकतेस एवढे? तिने एक बोंड काढून माझ्या कानात घातले. कुणी इंग्रज माणूस खालच्या पट्टीत, शेजारी बसून बोलावे तसा गात होता. मागे एक गिटार आणि अधूनमधून बाजाची पेटी नव्हे, तोंडाने वाजवायचा माऊथ ऑर्गन. बस्स.

‘‘बाकीची वाजवणारी कुठं गेली?’’ मी विचारले.

‘‘न्हाईत ओ पप्पा. एकटाच हाय. घरात बसून कॅसेटवर भरलंय त्यानं हे सगळं. ऐका की जरा.’’

कॅसेट हा शब्द माझ्या मुलीच्या तोंडी मी प्रथमच ऐकला. तिच्या जन्मापर्यंत आमच्या घरातला टेपरेकॉर्डर बंद पडून माळ्यावर गेला होता. मी ऐकले. इंग्रजी सगळे कळले असे म्हणणार नाही, बी.कॉम.च्या इंग्रजीची धाव ती किती! पण गाणारा खोटे बोलत नाही एवढे मात्र समजले. आणि मला एकदम आमची आत्ती आठवली. आत्तीची गोष्ट पुढे येईलच. आधी या गिटारवाल्याची सांगतो, कारण ती ऐकून मी थक्क झालो.

ब्रूस स्प्रिंगस्टीन हे त्याचे नाव. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील कामगाराच्या घरचा मुलगा. १९८२ पर्यंत तो मोठा नावाजलेला गायक झाला होता, मागे वाजवायला मोठा ताफा होता. त्या वर्षीच्या जानेवारीत कोल्ट्स नेक नावाच्या गावी घरातल्या खोलीत बसून त्याने नवी गाणी एका छोट्या टेपयंत्रावर भरली. साध्याच कॅसेटवर चार वेगवेगळ्या पट्ट्यांत आवाज भरता येईल असे ते यंत्र होते. हेतू एवढाच की ताफ्याला गाणी ऐकवावीत आणि मग स्टुडिओत नीट वाजवून घ्यावीत. म्हणजे ती कच्ची वहीच म्हणा! पुढे ताफ्याबरोबर गाणी वाजवूनही पाहिली. परंतु जी गोष्ट त्या खोलीतल्या आवाजात होती ती स्टुडिओत येईना. शेवटी डबीसुद्धा नसलेली, आठवडेच्या आठवडे खिशात घालून फिरवलेली तीच कॅसेट पक्की समजून सप्टेंबर १९८२ मध्ये तिचीच तबकडी निघाली. नाव ‘नेब्रास्का’. त्यात मोटारीचा कारखाना बंद पडून कामावरून गेलेला आणि मग हातून गुन्हा घडलेला एक माणूस आहे. गुन्हेगार भावाला सोडून देणारा एक पोलीस आहे. बापाने जुनी मोटार विकत आणली तेव्हा शेजाऱ्यांच्या नजरेसमोर लाजलेले एक पोर आहे.

आता महिना पाहा. जानेवारी १९८२. त्याच महिन्याच्या १८ तारखेला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आपल्या कोल्हापूर-सातारा-कोकणातल्या किती घरांतली चूल त्या संपाने विझली, हे वाचकांना सांगायला नको. त्या माणसाला आपल्या संपाचे नावही ठाऊक नसणार. पण बंद कारखान्याच्या फाटकावरून परत फिरलेल्या माणसाचे गाणे दोन्हीकडे एकाच वेळी जन्माला येत होते, एवढे खरे.

असे उदाहरण एकटे नाही. लंडनमध्ये निक ड्रेक नावाच्या पोरसवदा गायकाने ऑक्टोबर १९७१ मध्ये अवघ्या दोन रात्रींत आपली अख्खी तबकडी भरली होती. गळा आणि गिटार, एका गाण्यात तेवढी पियानोची थोडी जोड. तिकडे आता अशा गाण्यांचा एक पंथच झाला आहे. आपले आपण लिहायचे, आपले आपण गायचे, साथ कमीत कमी. मुलगी मला मोठ्या कौतुकाने हे सांगत होती. मी म्हटले, बाळ, हे आपल्याला नवीन नाही. हे आपल्याकडे पोटासाठी, समाजासाठी आणि पुष्कळदा वाद्य घ्यायला पैसे नाहीत म्हणूनही होत आले आहे.

तिला वामनदादा माहीत होते ते पोस्टरवरच्या नावापुरते. म्हणून सगळेच सांगत बसलो. तेच येथे थोडक्यात मांडतो.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला. (आंबेडकरी जलसे गावोगाव नेणारे शाहीर भीमराव कर्डक ते वेगळे, पुष्कळांचा येथे घोटाळा होतो.) वामनदादांना शाळा मिळाली नाही. पोटासाठी मुंबई गाठली, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, मिळेल ते अंगमेहनतीचे काम केले. एकदा कुणीतरी पत्र वाचून दाखवायला पुढे केले आणि वाचता येत नाही म्हणून ते खजील झाले. ती लाज त्यांनी वाया जाऊ दिली नाही. एका मास्तरांकडून अक्षरे गिरवली आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचन पक्के केले. १९४३ साली एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर त्यांनी पहिले गाणे रचले आणि ते ऐकून चाळीतले लोक हसले. त्याच साली नायगावला त्यांनी बाबासाहेबांना प्रथम पाहिले. पुढची साठ वर्षे हा माणूस लिहीत आणि गात राहिला. बायको सोडून गेली, पोटची मुलगी गेली, तरी गाणे थांबले नाही. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन एवढेच छापील स्वरूपात आपल्या हाती पटकन लागते. बाकी गाणी हजारोंनी. दहा हजारांचा आकडा सांगितला जातो. ती वह्यांत, कागदाच्या चिटोऱ्यांवर आणि लोकांच्या तोंडी राहिली. १५ मे २००४ रोजी दादा गेले. त्याच वर्षी जूनमध्ये प्रल्हाद शिंदेही गेले. आपल्या गाण्याच्या दृष्टीने ते वर्ष वाईटच.

वामनदादांच्या गाण्यांचे आज वाजतात ते सगळे थाट, कीबोर्ड, कोरस, ढोलांचा मारा, हे मागून चढलेले आहे. मूळ गाणे एका माणसाने दुसऱ्याला सांगितलेले असते. त्यांची भाषा पाहा, तिला घाई नाही. बाजारातला माणूस, शेतातली बाई, गिरणीतला कामगार जसा बोलेल तसे ते बोलतात आणि बोलता बोलता शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे आपले नाव गुंफतात. संतांनी तेच केले. नावाची मुद्रा हाच त्या काळचा कवीचा सातबारा. लिहिता न येणाऱ्या माणसानेही गाणे पाठ केले की कर्त्याचे नाव त्याच्याबरोबर जाते. पण गाणे लांबते म्हणून शेवटचे कडवे गाळले की सातबाऱ्यावरचे नावही गळते! मिरवणुकीत नेमके तेच होते. दोन कडवी, मग नुसता ठेका, मग पुढचे गाणे.

मी हिशेबाचा माणूस, त्यामुळे येथे थोडे पैशाचे बोलतो. कॅसेटच्या भरभराटीच्या दिवसांत गाणे लिहिणाऱ्याच्या हाती बहुधा एकरकमी काही तरी टेकवले जाई आणि सही घेतली जाई. कॅसेट शंभर खपो की लाख, कवीचा संबंध संपला. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून घेता येणार नाही, असे ठरले. शिवाय कवीच्या पश्चात साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः जे स्मरणिकेत गाणी छापतात त्यांनी, खाली कवीचे नाव तरी छापावे. त्याला पैसा लागत नाही.

एका तारेवर गाणारा दुसरा माणूस म्हणजे विलास घोगरे. मुंबईच्या मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा हा कवी एकतारी घेऊन स्वतःची गाणी म्हणत असे. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या चित्रपटात त्यांचे गाणे आहे. ज्यांच्या झोपड्या पाडल्या जातात त्यांची कैफियत एका गळ्याने आणि एका तारेने मांडलेली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरेंनी स्वतःचे आयुष्य संपवले. त्यांच्यापासून सुरुवात करून पटवर्धनांनी चौदा वर्षे खपून ‘जय भीम कॉमरेड’ हा तीन तासांहून मोठा चित्रपट २०११ साली पूर्ण केला. तो घरातल्या मोठ्या मुलांबरोबर बसून पाहावा. मध्ये चहा ठेवावा, कारण लांब आहे, पण पाहावा. घोगरेंचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो तो कुणीतरी त्या वेळी यंत्र चालू केले म्हणून.

एकतारीबद्दल दोन शब्द. भोपळा, दांडी, एक खुंटी, एक तार. आपल्या शेजारच्या मिरजेत तंबोरे आणि सतारी करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्याचीच ही गरीब बहीण म्हणावी. शाहिराचे तुणतुणे आणखी निराळे. त्यात लाकडाच्या पोकळ नळकांड्याच्या तळाला कातडे मढवलेले असते, त्यातून तार वर खुंटीपर्यंत जाते आणि काडीने छेडली की तोच सूर पुन्हा पुन्हा येतो. सूर एकच. तो बदलत नाही, गाणाऱ्यानेच त्याच्या आजूबाजूला फिरायचे. चुकला तर झाकायला दुसरे वाद्य नाही. म्हणूनच या गाण्यात शब्द नागडा उभा राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात. घरोघर गाऊन पोट भरलेल्या या बाईंचा आवाज लोकांनी मोबाईलवर टिपला आणि तो महाराष्ट्रभर गेला. स्टुडिओ नाही, जाहिरात नाही. त्यांच्या गळ्यातला शब्द मोबाईलच्या बोटभर स्पीकरमधूनही स्पष्ट कळतो आणि भिंतीएवढ्या स्पीकरमधून आपल्याला कळत नाही, हे कोडे मंडळाच्या पोरांनी सोडवावे. २००० सालच्या नियमाप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हेही जाता जाता लिहून ठेवतो. मला म्हातारा म्हटले तरी चालेल.

आणि ज्यांच्याजवळ एकतारीही नव्हती त्या आपल्या बाया? त्यांच्याजवळ जाते होते.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम ऐंशीच्या दशकात हाती घेतले. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बाया आणि एक लाखाहून अधिक ओव्या! पुढे बर्नार बेल यांनी त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, रमाईवरच्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली भरलेल्या ओव्या तर मुद्दाम ऐकाव्यात. आता हा सगळा ठेवा ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात कुणालाही फुकट ऐकता येतो. मी मोबाईलवर ऐकल्या तेव्हा घरात सगळे गप्प झाले. बाई गाते, दुसरी तिची ओळ उचलते, आणि बाबासाहेब जणू शेजारच्या घरात राहणारे भाऊ आहेत अशा सलगीने त्यांचे नाव येते. मोठ्या भाषणांत हे सापडत नाही.

आता आत्तीकडे येतो.

आमच्या आण्णांची थोरली बहीण ती आमची आत्ती. लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि मरेपर्यंत आमच्याच घरी राहिली. शेतमजुरी, हंगामात गुऱ्हाळावर काम, हातांना कायम मळीचा वास. अक्षरओळख नाही. पण ओव्या तिच्या तिच्याच, बसल्या जागी रचायची. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षात, माझ्या मुंबईच्या आतेभावाने गावी येताना टेपरेकॉर्डर आणला आणि आत्तीच्या ओव्या भरायचे ठरले. गावात पिठाची चक्की येऊन तोवर जमाना झाला होता. आत्ती टेपसमोर बसली आणि तिला एक शब्द सुचेना! ‘‘हात मोकळं असल्यावर तोंड कसं चालायचं?’’ असे म्हणून ती उठली. मग मागच्या पडवीतले जाते धुऊन आणले, मूठभर जोंधळे घातले, आणि गाणे सुरू झाले. साठ मिनिटांची कॅसेट. दोन्ही बाजू भरल्या. जात्याची घरघर, काकणे, मध्ये एकदा शेळी ओरडते.

त्या ओव्यांत एक लांबलचक साखळी होती. आत्तीचा आजा, म्हणजे माझा पणजा, १९२० साली माणगावच्या परिषदेला चालत गेला होता. मार्च महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला भरलेली ती परिषद वाचकांना पाठ आहे. बाबासाहेब अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः हजर राहून, हा तुमचा पुढारी, असे लोकांना सांगून गेले. परंतु गडमुडशिंगीहून माणगावला चालत निघालेल्या एका निरक्षर माणसाने तेथे काय पाहिले, हे कुठल्या पुस्तकात मिळणार? ते आत्तीला तिच्या आजाने सांगितले होते. आण्णा धाकटे, त्यांना आजा आठवतही नव्हता.

यापुढचे लिहायला लाज वाटते. पण लिहितो.

१९९२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये क्रिकेटचा विश्वचषक होता. मी अकरा वर्षांचा. आतेभाऊ टेपरेकॉर्डर आमच्याकडेच ठेवून गेला होता आणि त्यात रेडिओही होता. ४ मार्चला सिडनीत भारत-पाकिस्तान सामना झाला, विश्वचषकात दोघे प्रथमच समोरासमोर आले होते. शाळेत मित्रांना ऐकवायला म्हणून मला कॉमेंट्री भरून घ्यायची होती. घरात कोरी कॅसेट नव्हती. जी सापडली ती घातली, लाल बटण दाबले. भारत जिंकला. मी आनंदाने उड्या मारल्या.

दोन दिवसांनी आत्तीने सहज म्हटले, माझं गाणं लाव बघू. गाण्यात एकदम समालोचक बोलू लागला. आण्णांनी मला मारायला हात उचलला तो आत्तीने धरला. ‘‘ऱ्हाऊ दे. ल्हान हाय त्यो. दुसऱ्यांदा गाईन की मी.’’ पण आतेभावाने टेपरेकॉर्डर परत नेला, जाते पुन्हा पडवीत गेले, मग आत्तीच्या छातीला दम्याने धरले. दुसऱ्यांदा काही झाले नाही. २००९ साली आत्ती गेली. कॅसेट पेटीत तिच्या लुगड्याखाली होती. मी ती कधी लावून पाहिली नाही, धीर झाला नाही म्हणा.

मुलीला हे सांगितल्यावर ती काहीच बोलली नाही. उठून पेटीकडे गेली.

येथे थोडी कामाची माहिती देतो, कारण अनेकांच्या घरी अशा कॅसेट असतील. आम्हीही आधी चूक केली. एका ओळखीच्या घरचा जुना टेप आणून कॅसेट घातली आणि त्याने फीत गिळली. काळजाचे पाणी झाले. पेन्सिल घालून फीत परत गुंडाळली, सुदैवाने तुटली नव्हती. मग कोल्हापुरातल्या एका वयस्कर रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी जे शिकवले ते असे. कॅसेट लावण्यापूर्वी आतल्या छोट्या नमद्याची गादी जागेवर आहे का पाहावे. तिचा डिंक वाळून ती पडते आणि मग आवाज मातीतून आल्यासारखा येतो. फितीवर बुरशी दिसली तर मुळीच लावू नये. टेपचे हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या बोळ्याने पुसावे. आवाज ऐकण्यापूर्वी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे चिकटलेले वेढे मोकळे होतात. फीत तुटलीच तर साधी चिकटपट्टी लावू नये, तिचा गोंद पाझरतो. फीत जोडायची वेगळी पट्टी मिळते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठवालीपेक्षा पातळ असते, तिला अधिक जपावे. टेपमधून वायर काढून कॉम्प्युटरवर आवाज घ्यावा, मोठ्या फाईलमध्ये घ्यावा, जागा वाचवायला दाबून लहान करू नये, आणि दोन प्रती दोन निराळ्या घरी ठेवाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅसेटच्या पाठीकडच्या कडेला दोन लहान प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. एवढे १९९२ साली कुणी मला सांगितले असते तर!

दोन रविवार गेले. दुरुस्तीवाल्यांनी दुसऱ्या चांगल्या कॅसेटचे कवच काढून त्यात आत्तीची फीत बसवली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. वर म्हणाले, बाईंचा गळा चांगला आहे. पहिली बाजू जवळजवळ सगळी निघाली. एके ठिकाणी उजळाईवाडीच्या विमानतळाकडे जाणारे विमान आमच्या घरावरून गेले, त्याची घरघर जात्याच्या घरघरीत मिसळली आणि मुलगी घाबरून फीत बिघडली की काय म्हणून पाहू लागली. आवाज कॅसेटमधला नव्हता, बाहेरचाच होता. सगळे हसलो.

दुसरी बाजू लावली तेव्हा मी उठून दाराशी जाऊन उभा राहिलो. पणजा निघतो. घोंगडे खांद्यावर, फडक्यात भाकरी आणि कांदा, पायात काही नाही. वाटेत ओढ्यावर थांबतो. बरोबर कोण कोण आहेत त्यांची नावे आत्ती एकेका ओवीत घेते, आणि त्यांतली दोन घराणी आजही आमच्या गल्लीत आहेत हे मला तेव्हा प्रथम कळले. माणगावचा मांडव दिसू लागतो, माणसांची गर्दी दिसते, आणि ‘खटक’. मग सिडनीचे मैदान. कुणीतरी चौकार मारला आहे आणि हजारो लोक ओरडत आहेत.

अकरा मिनिटे. मी घड्याळ लावून मोजली. मुलीने ती पुढे ढकलली नाहीत, सगळी ऐकली, आणि फाईलमध्येही तशीच ठेवली. ‘‘काढायची न्हाईत पप्पा, ती बी त्यातलीच हायेत,’’ म्हणाली. मला ते पटले की नाही अजून सांगता येत नाही.

मग पुन्हा ‘खटक’ आणि आत्ती. पणजा परत आलेला आहे. दारात उभा आहे, पायांना धूळ आहे, आत्तीची आजी तांब्या घेऊन पाणी घालते आहे आणि विचारते आहे. तो सांगेन म्हणतो, आधी पाय धुऊ दे म्हणतो. जाते हळू होत जाते. काकणे थांबतात. आत्ती आतेभावाला म्हणते, ‘‘बंद कर रं आता, शेल जातील.’’